बारा व्होल्टच्या बँकेवरून बारा व्होल्टची बॅटरी चार्ज करताना

शेतावरच्या घरात आता बॅटऱ्यांचा गोतावळा झाला आहे. इन्व्हर्टरखाली १५० एएचची (अँपियर-अवरची) ट्यूब्युलर, फवारणीच्या पंपात ८ एएचची सीलबंद, कुंपणाच्या झटका मशीनला ७ किंवा १२ एएचची आणि शेडमध्ये ट्रॅक्टरची. सगळ्यांवर १२ व्होल्टच लिहिलेलं. पावसाळ्यात चार दिवस ऊन दिसलं नाही की झटका मशीनचं छोटं पॅनेल पुरं पडत नाही. रात्री रानडुकरं मक्यात शिरतात, लाइटचा पत्ता नसतो आणि घरातली मोठी बॅटरी, म्हणजे आपली बँक, मात्र बऱ्यापैकी भरलेली असते. अशा वेळी कुणीही हेच म्हणेल की दोन वायरी घ्या, लालला लाल आणि काळ्याला काळी जोडा, मोठीतून लहान भरून घ्या.

जोडलं तर करंट वाहतो, पण बॅटरी भरत नाही. वाहतो तोही सुरुवातीला नको इतका आणि नंतर नको इतका कमी. तो हवा तेवढा आणि हवा तितका वेळ कसा वाहता ठेवायचा, ते आता पाहू. सगळे आकडे लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आहेत. लिथियमचं वेगळं आहे आणि ते शेवटी येईल, पण तुमच्या पंपात लिथियम असेल तर आधी तेच वाचा.

सरळ जोडल्यावर काय होतं

बारा व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरून काही तास नुसती ठेवलेली बॅटरी मीटरवर १२.७ च्या आसपास दाखवते, निम्मी उतरलेली १२.१ ते १२.२ आणि रिकामी ११.८ किंवा त्याहून खाली. भरायची असेल तर तिच्या टर्मिनलवर १४.४ व्होल्टच्या आसपास दाब द्यावा लागतो आणि तो काही तास टिकवावा लागतो. १२.७ वर बसलेली मोठी बॅटरी कितीही मोठी असली तरी १४.४ देऊ शकत नाही. बँक १५० एएचची असो की ६०० ची, व्होल्टेज तेवढंच.

उतरलेली लहान बॅटरी ११.८ वर आहे आणि भरलेली बँक १२.७ वर, म्हणजे फरक ०.९ व्होल्टचा. वायर, क्लिपा आणि दोन्ही बॅटऱ्यांचा आतला रोध मिळून साधारण ०.०५ ओहम धरला तर पहिल्या काही क्षणांत १५ ते २० अँपियर धावतात. पंपातली ८ एएचची बॅटरी उचलून तिच्या अंगावरचा बारीक मजकूर वाचा. तिथे सुरुवातीच्या करंटची मर्यादा छापलेली असते आणि ती बहुतेक २.४ अँपियरच्या आसपास असते. म्हणजे तिला परवडतो त्याच्या सात-आठ पट करंट एकदम आत घुसतो. वायर बारीक असेल तर तीही गरम होते.

थोड्याच वेळात लहान बॅटरीचं टर्मिनल व्होल्टेज वर येतं, फरक राहत नाही आणि करंट काही मिलिअँपियरवर येऊन रेंगाळतो. रात्रभर ठेवलं तरी बॅटरी अर्धवटच राहते. सकाळी मीटर १२.५ दाखवतो, माणूस खूश होतो आणि दोन टाक्या फवारल्या की पंप गळपटतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार अशी अर्धवट ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि एका हंगामात तिची धारण निम्म्यावर येते. लोक पंपाला नावं ठेवतात, पण दोष चार्जिंगचा असतो.

खरी मेख पुढेच आहे. व्होल्टेज सारखं असलं की बँक कधी लहान बॅटरीच्या वर असते, कधी खाली. दुपारी उन्हात बँक १४.४ वर असते, रात्री पंखा चालू असताना १२.२ वर. लहान बॅटरी रिकामी असताना ११.५ वर असते, भरत आली की १४ च्या पुढे. म्हणजे सकाळी जो मार्ग चालतो तो रात्री चालेलच असं नाही. पुढचे तिन्ही मार्ग याच अडचणीवरचे आहेत.

आधी हिशोब

मीटर हातात घेण्याआधी कागद घ्या. पंपाची ८ एएचची बॅटरी फवारून उतरली म्हणजे साधारण ६.५ एएच वापरले गेले. ते परत भरायला १५ टक्के जास्त घालावे लागतात, म्हणजे ७.५ एएच. चार्जिंगचं सरासरी व्होल्टेज १३.५ धरलं तर सुमारे १०० वॉट-अवर होतात. मधे बसवायच्या कन्व्हर्टरची (तो तिसऱ्या मार्गात येईल) कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर बँकेतून १२३ वॉट-अवर निघतात, म्हणजे १२.४ व्होल्टवर जवळजवळ १० एएच.

बँक १५० एएचची असली तरी निम्म्याच्या खाली न्यायची नसते, त्यामुळे हाताशी ७५ एएच आहेत. रात्रीचे दिवे, पंखा आणि मोबाइल यांचे ३०-४० वजा करा. उरले त्यात पंपाच्या तीन बॅटऱ्या बसतात, चौथीला ओढाताण होते. बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर १५० हा आकडा नुसता स्टिकरवर उरलेला असतो. तिच्याकडून १०० धरा.

या हिशोबातून एक गोष्ट लगेच दिसते. रात्री बँकेतून लहान बॅटरी भरणं हा नाइलाजाचा सौदा आहे, कारण दर फेरीत १०० पोहोचवायला १२३ द्यावे लागतात आणि मोठ्या बॅटरीचं आयुष्यही थोडं झिजतं. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास सोलर कंट्रोलर (पॅनेलवरून बँक भरणारं यंत्र) फ्लोटवर येतो, म्हणजे बँक भरलेली असते आणि पॅनेलची पुढची ताकद वायाच जात असते. लहान बॅटऱ्या लावायची खरी वेळ ती. तेव्हा बँकेतून काहीच जात नाही, जे जातं ते पॅनेलमधून जातं. जमेल तितकं काम या वेळेत बसवा आणि रात्रीचा मार्ग अडीअडचणीला ठेवा.

सामान

डिजिटल मल्टिमीटर हवाच, १० अँपियरची रेंज असलेला. ऑटोमोबाइलच्या दुकानातून मोटारीत असतात तसे ब्लेड फ्यूज आणि त्यांचे वायर असलेले होल्डर आणा, ५ अँपियरचे चार-पाच तरी. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटर वायर, लाल आणि काळी. वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे लग. मगरीच्या तोंडासारख्या क्लिपा दोन जोड्या, स्प्रिंग घट्ट असलेल्या. बाकी मार्गानुसार लागेल ते.

वायरीचा हिशोबही करून टाका. २.५ ची वायर मीटरला सुमारे ८ मिलिओहम रोध देते. बँकेपासून टेबल पाच मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ८० मिलिओहम. दोन अँपियरला ०.१६ व्होल्ट पडतील, चालेल. पण त्याच वायरीतून दहा अँपियर न्यायचे म्हटले तर ०.८ व्होल्ट वायरीतच जातील आणि चार्जिंगचं गणित कोलमडेल. म्हणून चार्जर लहान बॅटरीजवळ ठेवण्याऐवजी सगळंच बँकेजवळ आणा. बॅटरी उचलून नेणं लांब वायर ओढण्यापेक्षा सोपं आहे.

फ्यूजबाबत एक नियम पाळा. नेहमीच्या लोडला एका टोकाला फ्यूज पुरतो. इथे दोन्ही टोकांना बॅटरी आहे, त्यामुळे वायर मध्ये कुठेही घासून शॉर्ट झाली तर दोन्हीकडून करंट येणार. बँकेच्या लाल टर्मिनलपासून वीतभर अंतरावर एक फ्यूज आणि लहान बॅटरीच्या लाल क्लिपेजवळ दुसरा. १५० एएचची बॅटरी शॉर्ट झाली तर हजारभर अँपियर सहज सोडते, पान्हा लाल होऊन वितळेल इतके. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढूनच कामाला लागा.

पहिला मार्ग: उन्हात, बल्ब लावून

हा सगळ्यात स्वस्त आणि मला सगळ्यात आवडणारा. बँक सोलरवर चार्ज होत असताना तिच्या टर्मिनलवर १४ ते १४.४ व्होल्ट असतात. म्हणजे लहान बॅटरीला हवा तो दाब आयताच तयार आहे, फक्त करंटला लगाम हवा. तो लगाम म्हणजे ट्रॅक्टरच्या किंवा कारच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॉटचा साधा बल्ब. एलईडी नव्हे, तारेचाच.

१. मीटर बँकेच्या टर्मिनलवर लावा. १४ च्या खाली असेल तर थांबा, ऊन चढू द्या.

२. लहान बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १०.५ च्या खाली असेल तर तिचा एखादा सेल गेलेला असण्याची शक्यता मोठी. बल्ब लावून अर्धा तास पाहा, चढत नसेल तर बाजूला ठेवा.

३. बँकेच्या लालपासून फ्यूज, मग बल्ब, मग दुसरा फ्यूज, मग लहान बॅटरीचा लाल, अशी एका माळेत जोडणी करा. काळ्याला काळी सरळ. क्लिपा लावताना शेवटची क्लिप लहान बॅटरीची.

४. बल्बकडे पाहा. रिकाम्या बॅटरीला तो अंधारात दिसेल न दिसेल इतका तांबूस होतो, करंट पाऊण अँपियरच्या आसपास असतो. बॅटरी भरत गेली की बल्ब विझतो आणि करंट अर्ध्या अँपियरच्या खाली उतरतो. बल्ब लख्ख पेटला तर बॅटरी आतून शॉर्ट आहे किंवा तुम्ही ती उलटी जोडली आहे. उलटी जोडली असेल तर बल्ब बहुधा उडेल, नुकसान तेवढ्यावर भागेल.

५. दोन-तीन तासांनी लहान बॅटरीवर १४ च्या पुढे दिसलं आणि करंट १०० मिलिअँपियरच्या आसपास आला की काढून घ्या. ऊन उतरलं की तर काढाच, नाहीतर बँकेचं व्होल्टेज पडल्यावर लहान बॅटरीतून उलटा करंट बँकेकडे जायला लागतो.

बल्बाच्या तारेची गंमत अशी की ती थंड असताना रोध कमी देते आणि तापली की वाढवते. त्यामुळे फरक मोठा असला तरी करंट पावणेदोन अँपियरच्या फार पुढे जात नाही आणि फरक लहान असला तरी काही ना काही वाहत राहतं. साध्या रेझिस्टरला हे जमत नाही. मोठी बॅटरी भरायची असेल, समजा ट्रॅक्टरची, तर हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावा. त्यातून सव्वा ते दीड अँपियर जातो, दिवसभर लावला तर उतरलेला ट्रॅक्टर सुरू होण्याइतकं बळ येतं.

एका दिवसात सीलबंद बॅटरी पूर्ण भरतेच असं नाही. दोन दुपारी लावा. झटका मशीनला दोन बॅटऱ्या ठेवून आलटून पालटून वापरल्या तर हे सहज जमतं.

दुसरा मार्ग: इन्व्हर्टर आणि नेहमीचा चार्जर

पंपाबरोबर आलेला चार्जर इन्व्हर्टरच्या प्लगमध्ये लावायचा, झालं. चार्जर स्वतःच व्होल्टेज आणि करंट सांभाळतो, बँक वर आहे की खाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अनेकांना हा उधळपट्टीचा मार्ग वाटतो. १२ व्होल्टचे २३० करायचे आणि २३० चे परत १४ करायचे, हे विचित्रच.

उधळपट्टी आहे, पण किती ते पाहा. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के आणि चार्जरची ८० धरली तर दोन्ही मिळून ६८. मघाचे १०० वॉट-अवर पोहोचवायला दीडशे लागतील. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहायला दहा-पंधरा वॉट खातो. सात तासांचे ८५ वॉट-अवर धरले तर बँकेतून जवळपास १९ एएच निघाले. एका बॅटरीसाठी हे दुप्पट. पण चार चार्जर एकदम लावले तर इन्व्हर्टरचा तो खर्च चौघांत वाटला जातो आणि बॅटरीमागे १४ एएचवर भागतं. इन्व्हर्टर घरासाठी तसाही रात्रभर चालू असेल तर तो खर्च धरायचंच कारण नाही. फवारणीचा मोसम असेल, गडी सकाळी सहाला येणार असतील आणि तीन पंप तयार ठेवायचे असतील, तर हाच मार्ग धरा.

एक पाहायचं. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा जुना वजनदार चार्जर गुणगुणतो आणि तापतो. पहिल्या अर्ध्या तासात हात लावून पाहा. चटका बसत असेल तर तो चार्जर इथे नको. हलका, स्विचिंगचा चार्जर सहसा चालतो.

तिसरा मार्ग: मधे कन्व्हर्टर

रात्री, इन्व्हर्टर न लावता, कमी तोट्यात भरायचं असेल तर बँक आणि लहान बॅटरी यांच्यामध्ये डीसी ते डीसी कन्व्हर्टर बसवायचा. इथे बहुतेक जण बाजारातून स्वस्त बूस्ट मॉड्यूल आणतात, स्क्रू फिरवून १४.४ वर बसवतात आणि जोडतात. रात्री चालतं. दुसऱ्या दिवशी दुपारी धूर येतो.

बूस्ट मॉड्यूल फक्त व्होल्टेज वाढवतं. त्याच्या पोटात इनपुटपासून आउटपुटपर्यंत एक कॉइल आणि एक डायोड सरळ रांगेत असतात, मध्ये अडवणारा स्विच नसतो. आउटपुटची बॅटरी इनपुटपेक्षा खाली असेल, म्हणजे दुपारी बँक १३.८ वर आणि रिकामी बॅटरी ११.२ वर, तर करंट त्या कॉइल-डायोडमधून बेलगाम धावतो. स्क्रू फिरवून काही होत नाही. करंट मर्यादेचा स्क्रू असलेलं बूस्ट मॉड्यूलही इथे हात टेकतं, कारण थांबवायला त्याच्याकडे काही नाही.

म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे जाणारा कन्व्हर्टर लागतो. बाहेर व्हॅनमध्ये घर थाटणारी मंडळी यासाठी तयार १२/१२ चार्जर वापरतात. व्हिक्ट्रॉनचा ओरायन-टीआर स्मार्ट १८ आणि ३० अँपियरमध्ये येतो. काम चोख, पण पंपाच्या बॅटरीसाठी तो म्हणजे हत्तीच्या पाठीवर भाजीची पिशवी. आपल्याला दोन स्वस्त मॉड्यूलं एकामागे एक लावून तेच साधता येतं. पहिलं बूस्ट, जे बँकेचे १२ ते १४ व्होल्ट उचलून १९ वर नेतं. दुसरं स्टेप-डाउन, जे १९ चे १४.४ करतं आणि करंटही अडवतं. मधले १९ व्होल्ट नेहमी दोन्ही बॅटऱ्यांच्या वर असल्यामुळे बँक वर की खाली हा प्रश्नच उरत नाही.

पहिल्यासाठी एक्सएल६००९ चं मॉड्यूल दीड अँपियरपर्यंतच्या चार्जिंगला पुरतं, मागे हीटसिंक चिकटवा. जुना लॅपटॉपचा कारमध्ये लावायचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पडून असेल तर तो याहून बरा. दुसऱ्यासाठी एक्सएल४०१५ चं मॉड्यूल घ्या, ज्यावर व्होल्टेज आणि करंट असे निदान दोन निळे स्क्रू असतील. एकच स्क्रू असलेलं मिळतं, ते नको.

बसवायची रीत अशी:

१. दोन्ही मॉड्यूलं अजून लहान बॅटरीला लावू नका. फक्त बूस्टला बँकेवरून ५ अँपियरच्या फ्यूजमधून आणि एका स्विचमधून वीज द्या आणि आउटपुट १९ वर आणा. स्क्रू बारीक असतो आणि बरेच फेरे मागतो, सुरुवातीला काहीच हलत नाही असं वाटतं. धीर धरा.

२. वीज बंद करून दुसरं मॉड्यूल मागे जोडा. वीज द्या, त्याचं रिकामं आउटपुट मीटरवर १४.४ करा. बॅटरीच्या अंगावर सायकल वापराचा (भरायची, उतरवायची, परत भरायची अशा वापराचा) आकडा छापलेला असतो, तो बहुधा १४.४ पासून पुढे सुरू होतो, त्यातला खालचा घ्या.

३. करंटचा स्क्रू डाव्या बाजूला भरपूर फिरवून अगदी कमी करा. मगच मीटर १० अँपियरच्या रेंजवर, लाल प्रोब त्या रेंजच्या भोकात घालून, आउटपुटच्या दोन टोकांवर सरळ टेकवा. हे मुद्दाम केलेलं शॉर्ट आहे आणि स्टेप-डाउन मॉड्यूल ते सहन करतं, कारण करंट ते स्वतः अडवतं. स्क्रू हळूहळू उजवीकडे नेत १.२ अँपियरवर थांबा. नुसत्या बूस्ट मॉड्यूलवर ही युक्ती चुकूनही करू नका.

४. आउटपुटच्या लाल वायरीत ५ अँपियरचा शॉटकी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) घाला, पट्टी बॅटरीच्या बाजूला. हा नसेल तर बँकेकडची वीज गेल्यावर लहान बॅटरी मॉड्यूलमधून उलटी रिकामी होत राहते. डायोडवर थोडं व्होल्टेज पडतं, म्हणून मघाचे १४.४ आता १४.६ करून घ्या.

५. लहान बॅटरी लावा, मग बँकेकडचा स्विच दाबा. काढताना उलट क्रम, आधी स्विच, मग क्लिप.

या मॉड्यूलची एक खोड लक्षात ठेवा. करंट मोजणारा बारीक रोध ते काळ्या बाजूला बसवतात. त्यामुळे इनपुटचा काळा आणि आउटपुटचा काळा दिसायला एकच, पण विजेच्या दृष्टीने वेगळे. सोयीसाठी दोन्ही बॅटऱ्यांचे काळे टर्मिनल एखाद्या पट्टीने जोडले की करंटची मर्यादा बाद झाली. दोन्ही बॅटऱ्या एकाच लोखंडी रॅकवर ठेवल्या असतील आणि त्यांचे काळे रॅकला टेकत असतील तरी तेच.

असंच सोलर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलबद्दल. बँक फार उतरू नये म्हणून वीज लोडच्या दोन भोकांतून घेणं उत्तम, कारण व्होल्टेज पडलं की कंट्रोलर लोड तोडतो. पण बऱ्याच स्वस्त कंट्रोलरमध्ये तोडातोडी काळ्या वायरीवर होते आणि लाल सगळे आत एकच असतात. म्हणून दोन्ही वायरी लोडच्याच भोकांतून घ्या. लाल तिथून आणि काळी थेट बँकेवरून घेतली तर कंट्रोलर काहीच तोडू शकणार नाही. कंट्रोलर नसेल तर एक्सएच-एम६०९ सारखं व्होल्टेज पडल्यावर तोडणारं छोटं मॉड्यूल मिळतं, ते १२ वर तोड आणि १२.८ वर जोड असं ठेवा.

किती वेळ, कधी काढायची

१.२ अँपियरने ८ एएचची बॅटरी साधारण सात-आठ तास घेते. पहिले पाच तास करंट ठाम राहतो, मग व्होल्टेज १४.४ ला टेकतं आणि करंट उतरू लागतो. १०० ते १५० मिलिअँपियरवर आला की झालं. तिथे न थांबता १४.४ वर रात्र रात्र ठेवली तर सीलबंद बॅटरी आतून कोरडी पडते आणि तिच्यात पाणी घालायची सोय नसते. झोपायच्या आधी लावून सकाळी काढायची असेल तर बॅटरीजवळ १३.७ व्होल्टच येतील असं बसवा. पूर्ण भरायला वेळ लागेल, पण विसरलात तरी बॅटरी वाचेल.

उन्हाळ्यात आकडा बदलतो. १४.४ हा २५ अंशांचा आहे. तापमान अंशभर वाढलं की १२ व्होल्टच्या बॅटरीला सुमारे २४ मिलिव्होल्ट कमी द्यायचे. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस सहज होतात, तिथे १४.० ते १४.१ पुरे. शेडपेक्षा ओसरीवर चार्ज करा, बॅटरीलाही बरं आणि तुम्हालाही.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते. बंद कपाटात, इन्व्हर्टरच्या ट्रॉलीच्या मागे कोंबून चार्जिंग नको. क्लिप काढताना करंट चालू असला की ठिणगी पडतेच, म्हणून वर म्हटलं तो क्रम. अ‍ॅसिड सांडलंच तर खाण्याचा सोडा टाका.

२४ व्होल्टची बँक असेल तर

घरात दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर असेल तर बँक २४ व्होल्टची आहे. मग बूस्टची गरजच नाही, नुसतं स्टेप-डाउन मॉड्यूल पुरतं. पण ते पूर्ण २४ वरून लावा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचा मोह फार जणांना होतो. तसं केलं की ती एक बॅटरी रोज थोडी जास्त उतरते. चार्जर दोघींना एकत्रच भरतो, त्यामुळे एक कायम उपाशी आणि दुसरी कायम अजीर्णात. सहा महिन्यांत जोडी बिघडते आणि दोन्ही बदलाव्या लागतात.

झटका मशीन

बॅटरी बदलण्याआधी मशीन बंद करा, मग तारेला किंवा क्लिपांना हात लावा. आणि बॅटरी उतरली म्हणून घरची लाइन थेट कुंपणात सोडणं हा विचारही नको. दरवर्षी त्यात माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे.

ट्रॅक्टर आत्ताच सुरू करायचा असेल तर

वरचे मार्ग भरण्याचे आहेत, स्टार्टर फिरवायचे नाहीत. स्टार्टर शेकडो अँपियर मागतो. त्याला जाड जंपर केबल लागते, २.५ ची वायर नव्हे. बँक वापरायची असेल तर आधी इन्व्हर्टर आणि सोलर कंट्रोलर दोन्ही तिच्यापासून सोडवा, नाहीतर इंजिन सुरू होताना येणारा व्होल्टेजचा झटका त्यांच्यात जातो. कंट्रोलर काढताना आधी पॅनेलची वायर, मग बॅटरीची. लाल केबल आधी ट्रॅक्टरच्या लालला, मग बँकेच्या लालला. काळी बँकेच्या काळ्याला आणि शेवटचं टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून लांब, रंग नसलेल्या लोखंडावर. दहा मिनिटं तसंच ठेवा, मगच किल्ली फिरवा.

लिथियम

फवारणीच्या नव्या पंपांत लिथियम येऊ लागलं आहे आणि सगळ्यांच्या खोक्यावर १२ व्होल्टच लिहिलेलं असतं. बॅटरीचं स्टिकर वाचा. ११.१ किंवा १०.८ व्होल्ट लिहिलं असेल तर ती तीन सेलची लिथियम-आयन आहे, तिची कमाल १२.६. तिला १४.४ दिले तर प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट येतात आणि ती पेट घेऊ शकते. वरचा बल्ब, डायोड, मॉड्यूल, काहीही तिला लावू नका, तिच्या स्वतःच्या चार्जरनेच इन्व्हर्टरवरून भरा. १२.८ लिहिलं असेल तर ती लिथियम आयर्न फॉस्फेटची, तिला १४.२ ते १४.४ चालतं, तिसरा मार्ग नीट जमतो.

बँक फॉस्फेटची आणि लहान बॅटरी लेड-अ‍ॅसिडची असेल तर सरळ जोडणं अधिकच धोक्याचं. फॉस्फेटची बॅटरी नुसती ठेवली तरी १३.३ वर असते आणि तिचा आतला रोध नगण्य, त्यामुळे पहिला झटका मघाच्या हिशोबापेक्षा मोठा बसतो. उलट बाजूने, लेड-अ‍ॅसिड बँकेवरून फॉस्फेट सरळ भरायचा प्रयत्न केला तर १२.७ वर ती जवळपास रिकामीच राहते.

भरली की नाही ते तपासताना

चार्जरवरून काढल्या काढल्या मीटर लावू नका. तेव्हाचे १३.२ किंवा १३.५ हे वरवरचे असतात. बॅटरी बारा तास मोकळी ठेवा आणि मग मोजा. १२.७ च्या वर असेल तर भरली. १२.४ वर आली असेल तर एकदा परत लावा. दुसऱ्या खेपेलाही तीच अवस्था असेल, किंवा चार्जिंगला लावताच तासाभरात १४.४ ला पोहोचून करंट पडत असेल, तर प्लेटा संपल्या. पंपाला लावून बघितली तर पाच मिनिटं जोरात चालतो आणि मग दाब जातो. अशा बॅटरीवर बँकेतले एएच घालत बसू नका. नवी घेताना जुनी दुकानदार वजनावर परत घेतो, तेवढे पैसे कमी करून घ्या. आणि शक्य असेल तर ८ ऐवजी त्याच मापाच्या खोक्यात बसणारी ९ एएचची मागा, बऱ्याच पंपांत ती बसते.